मदत हवी आहे : बी.एड.च्या दुसऱ्या वर्षातील गरोदर सुनेची हजेरी आणि आंतरवासिता

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून सेवानिवृत्त झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. पुढील प्रश्न मी माझ्या सुनेच्या संमतीने विचारत आहे. बी.एड. महाविद्यालय, विद्यापीठाचा परीक्षा विभाग किंवा न्यायालय यांच्या कामकाजाचा ज्यांना अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर वाचून मार्गदर्शन करावे.

आम्ही सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. सून बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी ती प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाली आणि तिची हजेरी नव्वद टक्क्यांच्या वर होती. सध्या तिला सातवा महिना सुरू आहे आणि डॉक्टरांनी नोव्हेंबरच्या अखेरची तारीख दिली आहे. दुसऱ्या वर्षाची सोळा आठवड्यांची शालेय आंतरवासिता (प्रत्यक्ष शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव) या महिन्याच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत, मध्ये दिवाळीची सुट्टी धरून, लावलेली आहे. म्हणजे बाळंतपण बरोबर आंतरवासितेच्या मध्यावर येते.

गेल्या आठवड्यात ती आणि माझा मुलगा प्राचार्यांना भेटले. प्राचार्य चांगले बोलले, चहाही दिला, परंतु उत्तर एकच मिळाले : "हजेरी भरली नाही तर टर्म ग्रँट (सत्र मंजूर) होणार नाही. त्यापेक्षा आत्ताच नाव काढून घ्या, बाळ मोठे झाले की पुन्हा सीईटी द्या." हे सर्व तोंडी सांगितले गेले आहे. लेखी काहीही दिलेले नाही, आणि आम्हीही तोपर्यंत लेखी काही मागितले नव्हते.

नियम काय आहे हे मी शोधून वाचले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या निकषांनुसार बी.एड.च्या विद्यार्थ्याला तासिका व प्रात्यक्षिकांसाठी किमान ८० टक्के आणि शालेय आंतरवासितेसाठी ९० टक्के उपस्थिती आवश्यक आहे. सोळा आठवडे म्हणजे आठवड्याला सहा दिवस धरून ९६ दिवस होतात. त्यातील दहा टक्के म्हणजे फार तर नऊ दिवस तिला गैरहजर राहता येईल. नऊ दिवसांत बाळंतीण उठून, पाठ टाचण हातात घेऊन वर्गात उभी राहू शकत नाही. मी स्वतः दोन बाळंतपणे नोकरीत असताना पार पाडली आहेत, त्यामुळे हे मी अंदाजाने सांगत नाही.

मला सर्वांत जास्त टोचते ते हे की, मी शिक्षिका होते म्हणून मला पगारी प्रसूती रजा मिळाली, आणि शिक्षिका होण्यासाठी शिकत असलेल्या माझ्या सुनेला मात्र नाव काढून घेण्याचा सल्ला मिळतो. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातील रजा २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची झाली, परंतु ही रजा नोकरी करणाऱ्या स्त्रीसाठी आहे. विद्यार्थिनी कोणाची नोकर नसल्यामुळे ती त्यात बसत नाही. बी.एड.च्या वर्गात लग्न झालेल्या मुली किती असतात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. सुनेच्याच वर्गात मागील वर्षी एक मुलगी याच कारणाने गळाली, आणि तिने तक्रार करावी असे तिच्या घरीही कोणाला सुचले नाही.

वाचनात पुढील गोष्टी आल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने १४ डिसेंबर २०२१ रोजी सर्व कुलगुरूंना पत्र पाठवून विद्यार्थिनींना प्रसूती रजा देण्यासंबंधी योग्य ते नियम करावेत, तसेच पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींना उपस्थितीत सूट, परीक्षा अर्जाच्या मुदतीत वाढ आणि आवश्यक त्या अन्य सवलती द्याव्यात, असे कळवले होते. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांसाठी तर २०१६ पासूनच २४० दिवसांपर्यंतच्या प्रसूती व बालसंगोपन रजेची तरतूद नियमांतच आहे. केरळमध्ये २०२३ साली शासनाने अठरा वर्षांवरील विद्यार्थिनींना साठ दिवसांची प्रसूती रजा मंजूर केली. आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात मात्र आयोगाच्या पत्राचे नाव काढल्यावर "आमच्याकडे असे काही आलेले नाही" असे उत्तर मिळाले.

माझे प्रश्न असे आहेत. आयोगाचे हे पत्र संलग्न महाविद्यालयावर बंधनकारक आहे का, की विद्यापीठाने स्वतंत्र नियम केल्याशिवाय त्याचा उपयोग नाही? आंतरवासितेचे जे आठवडे तिच्याकडून प्रसूतीपूर्वी पूर्ण होतील ते ग्राह्य धरून उरलेले पुढील सत्रात पूर्ण करता येतील का? वर्ष लांबले तर महाडीबीटीवरील (राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील) शुल्क सवलतीच्या नूतनीकरणाचे काय होते? आणि शेवटचा प्रश्न, जो विचारताना सून संकोचते पण मी संकोचणार नाही : बाळ झाल्यावर ती महाविद्यालयात येऊ लागली की तिला अंगावर पाजण्यासाठी एखादी बंद खोली मिळावी, अशी मागणी आम्ही करू शकतो का? एस.टी. स्थानकावर हिरकणी कक्ष असतो, मग ज्या इमारतीत शंभर मुली शिकतात तिथे का नसावा?

तिला शिक्षण सोडायचे नाही. आम्हा घरच्यांनाही तिने ते सोडावे असे वाटत नाही. बाळाला सांभाळायला मी आहे.

प्रतिसाद १

नमस्कार बाई. मी अध्यापक महाविद्यालयात बावीस वर्षे शिकवले असून त्यातील बरीच वर्षे आंतरवासितेचे काम पाहिले आहे.

सर्वप्रथम, नाव काढून घेऊ नका, आणि त्याबाबतच्या कोणत्याही छापील अर्जावर सही करू नका. एकदा विद्यार्थिनीने स्वतःहून प्रवेश रद्द केला, अशी नोंद झाली की पुढे सांगण्यासारखे काही उरत नाही. ज्या निकषांचा आपण उल्लेख केला आहे, त्याच निकषांत हेही लिहिलेले आहे की दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम प्रवेशाच्या दिनांकापासून जास्तीत जास्त तीन वर्षांत पूर्ण करता येतो. प्राचार्यांनी आपल्याला ९० टक्क्यांचा नियम सांगितला, पण तीन वर्षांचा सांगितला नाही. ते मुद्दाम झाले असे मी म्हणणार नाही. बहुतेक महाविद्यालयांत हजेरीचा नियम सर्वांना पाठ असतो आणि मुदतीचा नियम कोणी उघडून पाहत नाही. आपल्या सुनेच्या हातात अजून पुढचे संपूर्ण शैक्षणिक वर्ष आहे, आणि त्यासाठी पुन्हा सीईटी देण्याचे कारण नाही.

आंतरवासिता दोन टप्प्यांत करण्याचा प्रस्ताव आपण स्वतः लेखी मांडावा. प्रसूतीपूर्वी जितके आठवडे तिला झेपतील तितके पूर्ण करावेत, त्या काळातील हजेरीपत्रकावर आणि पाठ निरीक्षणांवर शाळेच्या मुख्याध्यापकांची सही व शिक्का दर आठवड्याला घ्यावा, आणि उरलेले आठवडे पुढील तुकडीबरोबर पूर्ण करण्याची परवानगी मागावी. शेवटी एकदम सह्या घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे, ती या वेळी पाळू नका. त्याशिवाय सराव शाळा घराजवळची मिळावी, अशीही विनंती करा. सातव्या-आठव्या महिन्यात वीस किलोमीटर एस.टी.ने उभ्याने जाण्यापेक्षा गावातील शाळा केव्हाही बरी, आणि सराव शाळा वाटून देणे हे पूर्णतः महाविद्यालयाच्या हातात असते.

प्रतिसाद २

मी वकिली करते. न्यायालयांच्या निर्णयांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण या विषयावर सगळे निर्णय विद्यार्थिनींच्या बाजूने लागलेले नाहीत आणि आपण अर्धवट आशेवर राहू नये असे मला वाटते.

मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेला निर्णय आपल्याला सर्वांत जवळचा आहे. मेरठच्या चौधरी चरणसिंह विद्यापीठातील एम.एड.च्या विद्यार्थिनीने प्रसूती रजा मागितली होती. रजेची तरतूद एम.फिल. व पीएच.डी.पुरतीच आहे, या कारणावरून विद्यापीठाने ती नाकारली. न्यायालयाने तो नकार रद्द केला आणि तिच्या ५९ दिवसांच्या रजेचा विचार करून तासिकांची ८० टक्के उपस्थिती पूर्ण होत असेल तर तिला परीक्षेला बसू द्यावे, असे सांगितले. शिक्षणाचा हक्क आणि मातृत्वाचा हक्क यांपैकी एकाची निवड करण्याची सक्ती नागरिकावर करता येणार नाही, ही त्या निर्णयामागची भूमिका आहे. एम.एड. हाही अध्यापक शिक्षण परिषदेच्या निकषांखालचा अभ्यासक्रम असल्यामुळे "आमची परिषद वेगळी आहे" हा बचाव महाविद्यालयाला सहज घेता येणार नाही. मात्र त्या आदेशात सूट तासिकांविषयी होती. आंतरवासितेसाठी दोन टप्प्यांचा जो मार्ग वरील प्रतिसादात सुचवला आहे तोच अधिक भक्कम आहे, असे माझे मत आहे.

त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने बी.टेक.च्या एका विद्यार्थिनीला गरोदरपण व बाळंतपणामुळे राहिलेल्या विषयांसाठी जादा संधी देण्यास सांगितले आणि पदवीच्या विद्यार्थिनींसाठी प्रसूतिविषयक सवलतींचे नियम करण्याचा आदेश तांत्रिक विद्यापीठाला दिला. याउलट २०१८ मध्ये दिल्लीतच एल.एल.बी.च्या एका विद्यार्थिनीची याचिका ७० टक्के उपस्थितीच्या नियमावर फेटाळली गेली आणि सर्वोच्च न्यायालयातही तिला परीक्षेला बसण्याची परवानगी मिळाली नाही. ती तेथे पोहोचली तेव्हा परीक्षा अगदी तोंडावर आली होती. म्हणूनच मी प्रत्येक विद्यार्थिनीला एकच सांगते की, हजेरी कमी पडल्यावर धावू नका, कमी पडणार हे दिसताच अर्ज करा. अन्य राज्यांतील उच्च न्यायालयांचे निर्णय आपल्याकडे बंधनकारक नसले तरी ते मार्गदर्शक म्हणून मांडता येतात.

आयोगाचे पत्र हे निर्देशवजा आहे. प्रत्यक्ष नियम विद्यापीठाने करायचा असतो. त्यामुळे विद्यापीठाने त्या पत्रावर काय कार्यवाही केली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचे शुल्क लागते, उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते, आणि महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्जात एकच विषय, तोही दीडशे शब्दांच्या आत मांडावा लागतो. त्या उत्तराची वाट पाहत महाविद्यालयाकडील अर्ज मात्र थांबवू नका.

महाविद्यालयाने लेखी नकार दिला किंवा काहीच उत्तर दिले नाही, तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार अशी समिती असणे आवश्यक आहे आणि तिने पंधरा कामकाजाच्या दिवसांत शिफारशींसह अहवाल द्यायचा असतो. तो निर्णय मान्य नसल्यास विद्यापीठाच्या लोकपालांकडे पंधरा दिवसांत अपील करता येते. एवढे करूनही मार्ग निघाला नाही तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका हा शेवटचा उपाय आहे. सातारा जिल्ह्यासाठी आता मुंबईला जाण्याची गरज नाही; ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आहे. खर्चाची चिंता असेल तर लक्षात ठेवा की, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पाजण्याच्या खोलीची मागणी अवश्य करा. आयोगाच्या पत्रात "अन्य आवश्यक सवलती" असा उल्लेख आहेच. मागणी लेखी असेल तर नाकारणाऱ्याला कारण लिहावे लागते. पहिले बाळंतपण असल्यास प्रधानमंत्री मातृवंदना योजनेची नोंदणीही अंगणवाडीत करून घ्या. पाच हजार रुपये मिळतात, आणि अर्जदार विद्यार्थिनी आहे म्हणून ते अडत नाहीत.

धागाकर्तीचे उत्तर

आपणा दोघांचे मनापासून आभार. तीन वर्षांच्या मुदतीची गोष्ट मी सुनेला वाचून दाखवली. पंधरा दिवसांत ती पहिल्यांदा नीट जेवली. तो नियम मीही वाचलेल्याच दस्तऐवजात होता; उपस्थितीची टक्केवारी पाहताच माझे वाचन तिथे थांबले होते.

काल आम्ही दोघींनी बसून अर्ज लिहिला. सुनेने तो स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिला आहे. मी फक्त शुद्धलेखन पाहिले. त्यात तीन विनंत्या आहेत : प्रसूतीपूर्वीचे आठवडे ग्राह्य धरून आंतरवासिता दोन टप्प्यांत करू द्यावी, सराव शाळा म्हणून गावातील माध्यमिक शाळा द्यावी, आणि जानेवारीनंतर मुलींच्या कक्षातील आतली लहान खोली मधल्या सुट्टीत उपलब्ध करून द्यावी. सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र, पहिल्या वर्षाचे गुणपत्रक आणि आयोगाच्या पत्राची प्रत जोडली आहे. मातृवंदनेची नोंदणी आमच्या अंगणवाडी सेविकेने पाचव्या महिन्यातच करून घेतली होती.

महाडीबीटीबद्दल कोणास प्रत्यक्ष अनुभव असल्यास कृपया लिहावे. वर्ष लांबलेल्या विद्यार्थिनीचे नूतनीकरण महाविद्यालयाच्या लॉगिनमधून कसे पुढे पाठवले गेले, एवढेच जाणून घ्यायचे आहे. सोमवारी सकाळी अकरा वाजता मी सुनेबरोबर महाविद्यालयात जाणार आहे. अर्ज आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय आम्ही परतणार नाही. पोच मिळाली की इथेच कळवते.