घरच्या बागेसाठी टोमॅटोचे जुने, वेगळे वाण कसे निवडावेत?

प्रश्न
यंदा नेहमीच्या संकरित लाल टोमॅटोऐवजी ‘ब्रँडीवाइन’, ‘चेरोकी पर्पल’ आणि ‘ग्रीन झेब्रा’ हे सरळ (म्हणजे संकरित नसलेले, बी धरून पुन्हा लावता येणारे) वाण लावण्याचा विचार आहे. जागा चार-पाच रोपांपुरतीच असून भर मोसमात उकाडा बराच असतो. अशा वेळी निवड कशाच्या आधारे करावी? तसेच पिकल्यावरही हिरवाच राहणारा टोमॅटो तोडणीला आला हे कसे ओळखावे?

प्रतिसाद १
रंगाचा मोह आवरून आधी फळाचा आकार पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसाचे तापमान ३२ अंशांच्या आणि रात्रीचे २१ अंशांच्या वर सतत राहू लागले की परागकण दुबळे होतात आणि फुले गळू लागतात. ‘ब्रँडीवाइन’सारख्या उशिरा पिकणाऱ्या, अर्धा किलोपर्यंत भरणाऱ्या फळांच्या वाणांना याचा फटका सर्वांत जास्त बसतो. ‘यलो पेअर’सारखे लहान फळांचे वाण उकाड्यातही बऱ्यापैकी फळ धरतात. म्हणून निम्मी रोपे लहान फळांची ठेवावीत. या सर्व वेली उंच वाढतात, त्यामुळे भक्कम आधार लावणीच्या वेळीच रोवावा.

प्रतिसाद २
‘ग्रीन झेब्रा’ फार जुना नाही. टॉम वॅग्नर यांनी तो १९८३ साली प्रसारात आणला. तरीही तो सरळ वाण असल्याने त्याचे बी धरता येते. तोडणीची खूण सांगायची तर गडद पट्ट्यांमधली फिकट हिरवी साल पिवळसर सोनेरी होऊ लागते आणि फळ बोटाने हलके दाबल्यास किंचित दबते. रोज हात लावून पाहणे हाच खात्रीचा उपाय आहे. ‘चेरोकी पर्पल’चा जांभळट तपकिरी रंगही समजून घेण्यासारखा आहे: फळ पिकताना त्यातले हरितद्रव्य पूर्णपणे जात नाही आणि लाल रंगद्रव्यात मिसळून ती छटा येते. देठाजवळचे खांदे हिरवट असतानाच ते तोडावे, कारण पूर्ण रंगाची वाट पाहिल्यास गर पिठूळ होतो.

प्रतिसाद ३
पहिल्या प्रतिसादाशी सहमत आहे, पण ‘ब्रँडीवाइन’चे एक रोप तरी लवकर लावून पाहाच, ती चव सोडून देण्यासारखी नाही. मात्र अशा जुन्या वाणांत जमिनीतून लागून रोप वाळवणाऱ्या मर रोगाची प्रतिकारशक्ती सहसा नसते. त्यामुळे गेल्या हंगामात टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा घेतलेली जागा टाळावी. बी धरायचे असल्यास एखादा घोस फुले उमलण्यापूर्वीच पातळ कापडाच्या पिशवीत बांधावा, कारण ‘ब्रँडीवाइन’सारख्या बटाट्यासारख्या पानांच्या वाणांत स्त्रीकेसर बाहेर डोकावत असल्यास परपरागीकरण होऊ शकते. पिकलेल्या फळाचे बी गरासह दोन-तीन दिवस आंबवून, भोवतीचे बुळबुळीत आवरण सुटल्यावर धुऊन सावलीत वाळवावे.