"बंद आहे" असं किती वेळा सांगायचं?

ताई, तुमचे धाकटे दीर रात्री चार-चारदा उठून गॅस आणि कडी तपासतात, आणि "बंद आहे हो" सांगून घरचे दमलेत, हे वाचून राहवलं नाही. आमच्या सांगलीच्या घरी थोरल्या भावाला हाच आजार, ओसीडी (नको ती भीती मनात येत राहते आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागते), फक्त त्याचं हात धुण्याचं होतं.

हा हट्ट नाही, हे आधी सासूबाईंना पटवा. आपलं अति होतंय हे बहुतेकांना कळतं, पण तपासल्याशिवाय भीती उतरत नाही. तपासलं की घटकाभर सुटका, आणि त्या सुटकेमुळेच पुढची ओढ वाढते. खाजवून खाज वाढावी तसं. घरच्यांचं "बंद आहे" हेही त्या चक्राला खतपाणीच घालतं. एकदम तोडू नका, थेरपिस्टशी ठरवून कमी करा. या आजारावर ईआरपी नावाची थेरपी आहे, तिच्यात नेमकं हेच असतं: भीती येऊ द्यायची, तपासायचं नाही, ओसरेपर्यंत थांबायचं. सोप्या गोष्टीपासून सुरुवात. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये ही पद्धत मांडली.

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिनसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या यातही देतात; त्यांचा परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात, डोसही नैराश्यापेक्षा बऱ्याचदा जास्त लागतो. महिन्याभरात "गुण नाही" म्हणून सोडणारे पाहिले की जीव तुटतो.

ओळखीचं कुणी दिसेल म्हणून पुणं गाठू नका, दर आठवड्याला जाणं होत नाही. मिरजेतच मानसोपचारतज्ज्ञ बघा. दीर तयार नसतील तर आधी तुम्ही टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.