डोसिटॅक्सेलमुळे आईची नखं सुटायला लागलीत, अजून दोन डोस बाकी आहेत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातून लिहितेय. आईला (वय ५८) स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो चालू आहे. आधीचे चार डोस, सगळे ज्याला 'लाल औषध' म्हणतात ते, पार पडले. उलट्या होणार, केस जाणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. आता दर २१ दिवसांनी डोसिटॅक्सेल. चारातले दोन झालेत आणि दुसऱ्यानंतर नखांचं सुरू झालं. याची कल्पना आम्हाला कुणीच दिली नव्हती.

आधी नखं तपकिरी पडली. मग त्यांच्यावर आडव्या खाचा उठल्या, उसाच्या कांड्यावर पेरं असतात तशा. आता उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट, दोन्हींची नखं पुढून अर्धी सुटलीत. परवा चादरीचा दोरा त्या फटीत अडकला. आई ओरडली नाही, मटकन खाली बसली. मी कात्रीनं चादर बाजूला केली आणि राहिलेला दोरा चिमट्यानं काढला, तर त्याला पिवळट काहीतरी लागून आलं.

बोटांची टोकंही बधिर झालीत. ब्लाउजचे हूक मी लावते. दुधाची पिशवी तिला फाडता येत नाही. मागच्या आठवड्यात हट्टानं भाकरी करायला बसली, वरून पाणी फिरवताना बोट तव्याला टेकलं आणि ते तिला संध्याकाळी फोड आल्यावर कळलं.

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, हे होतंच, केमो संपली की नवी नखं येतात. येतीलही. पण हाताचं नख महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं यायला सहा महिने. यंदा घरची चटणी मी केली, आई बाजूला खुर्ची टाकून लसूण किती, खोबरं किती सांगत होती. जिनं वर्षानुवर्षं पाच घरांची चटणी केली तिला असं हात मांडीवर घेऊन बसलेलं मला बघवत नाही.

उरलेल्या दोन डोसांत नखं वाचवायला काही करता येतं का? डोस चालू असताना बर्फाचे हातमोजे घालतात असं ऐकलंय, आमच्याकडच्या केमोच्या डे-केअरला ते नाहीत. घरून नेता येतील का? शेजारच्या काकू नखाखाली हळद-तेल भरा म्हणतात, भरू का? आणि या पावसात हात कोरडे ठेवायचे तरी कसे?

प्रतिसाद:
ताई, मी केमो वॉर्डात नर्स आहे. बाकी सगळं नंतर, आधी ते पिवळट बघा. पू असेल, वास येत असेल, बोट ठणकत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, उद्याच दाखवा. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, तेव्हा नखातला एवढासा पूही अंगभर पसरू शकतो. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं, घरी क्रोसिन देऊन सकाळ करायची नाही.
हळद-तेल भरू नका. काकूंची माया खरी आहे, पण त्या फटीत जे भराल ते आत अडकून कुजतं आणि हळदीच्या रंगात पू दिसतही नाही. सुटलेला भाग ओढायचा नाही, नेलकटरनं थोडा थोडा कमी करायचा आणि वर सैलसर मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी). क्यूटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली कातडी, कापायची नाही. भांडी, कणीक, चिरणं बंदच. अगदीच करायचं झालं तर आत सुती हातमोजा, वर रबरी. या दिवसांत कपडे वाळत नाहीत म्हणून सुती मोजे तीन-चार जोड लागतील, ओला मोजा घालण्यापेक्षा हात उघडा बरा. आणि तव्यापाशी त्यांना सध्या जाऊ देऊ नका.

प्रतिसाद:
गडहिंग्लजहून. माझ्या मिसेसना हेच औषध होतं, तेव्हा बरंच वाचलेलं. गार मोज्यांवर फ्रान्समधला २००५ चा अभ्यास आहे. ४५ पेशंट, प्रत्येकाच्या उजव्या हाताला गोठवलेला मोजा, डावा हात तसाच. नखांचा त्रास उघड्या हातांत ५१ टक्के, मोज्यातल्या हातांत ११ टक्के. गारव्यानं बोटांतल्या रक्तवाहिन्या आखडतात, औषध नखाच्या मुळाशी कमी पोचतं, एवढंच तत्त्व. डोसच्या आधी १५ मिनिटं, डोसचा तास आणि नंतर १५ मिनिटं असे दीड तास घालायचे, मध्ये ४५ मिनिटांनी दुसरा जोड. त्यांचे मोजे उणे २५ ते ३० अंशांवर गोठवलेले होते, घरचा फ्रीझर तेवढा गार होत नाही. आम्ही मेडिकलमधले जेल पॅक आइस बॉक्समधून नेले, आत पातळ सुती मोजा घालून. उघड्या कातडीवर बर्फ कधीच नाही. जी नखं आधीच सुटलीत ती यानं चिकटणार नाहीत ताई, बाकीच्या आठांसाठी करा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

धागा काढणारी:
दोघांचेही मनापासून आभार. सिस्टर, तुमचा प्रतिसाद वाचून सकाळीच आईला घेऊन गेले. इन्फेक्शनच निघालं. साचलेलं काढून ड्रेसिंग केलं, अँटिबायोटिक सुरू झालंय. रक्त तपासलं, पेशी ठीक आहेत. काकूंना मीच समजावलं, त्या आता रोज संध्याकाळी आईची वेणी घालतात तशी (केस नाहीत तरी) डोक्याला हात फिरवून जातात.

मोज्यांना डॉक्टर हो म्हणाले, पण बोटं आधीच बधिर आहेत म्हणून जपून करा म्हणाले. दादा, यावरच विचारायचं होतं. गार सहन होण्यापलीकडे गेलं तर आईला ते कळणारच नाही. तुम्ही मध्ये मोजे काढून बोटांचा रंग बघत होता का, किती किती वेळानं? तिसरा डोस मंगळवारी आहे.