मदत हवी आहे: एल्डर स्क्रोल्स कुठून सुरू करू? (आणि मॉरोविंडमध्ये तलवारीचा वार लागतच नाही)

चिक्कीवाला

नमस्कार मंडळी,

बेथेस्डा कंपनीची एल्डर स्क्रोल्स ही गेममालिका खेळायला घेतलीय आणि मतं वाचून डोकं भणभणलंय. मॉरोविंडवाले (२००२) म्हणतात, त्यानंतर नुसती घसरण. ऑब्लिव्हियनवाल्यांच्या (२००६) मते क्वेस्ट (मोहिमा) असावेत तर तिथल्यासारखे. स्कायरिमवाले (२०११) म्हणतात, जुने दोन्ही आता खेळवत नाहीत. मॉरोविंड आणि स्कायरिम स्पेशल एडिशन घेऊन झालेत, ऑब्लिव्हियन घ्यायचाय.

लॅपटॉप: आय ५ नववी पिढी, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० (४ जीबी), १४४ हर्ट्झ स्क्रीन, एसएसडीवर ९० जीबी जागा. विचर ३ पूर्ण झालाय, त्यामुळे मोठ्या गेमची भीती नाही.

१) मॉरोविंड: वंश ब्रेटन, क्लास (पेशा) मेज, म्हणजे जादूगार. सुरुवातीच्या सेडा नीन गावातल्या दुकानातून लांब तलवार घेतली. गावाबाहेरच्या खेकड्याच्या अंगातून ती आरपार जाते, पण लागत नाही. बग आहे का?
२) स्कायरिम: सुरुवातीची घोडागाडी थडथडते, हवेत उडते, उलटते. पुढे जाताच येत नाही. मॉड (खेळाडूंनी बनवलेली भर) एकही नाही.
३) ऑब्लिव्हियन जुना घेऊ की २०२५ चा रीमास्टर्ड (नव्याने सजवलेला)?
४) आधी कोणता?

जुनी_वही

१ चं उत्तर: बग नाही. मॉरोविंडमध्ये डोळ्यांना वार बसलेला दिसला तरी तो लागला का, हे आतल्या आत फासे टाकून ठरतं. हिशेब असा: शस्त्राचं स्किल + ॲजिलिटीचा (चपळाईचा) पाचवा भाग + लकचा (नशिबाचा) दहावा भाग. या बेरजेला फटीगने (दमाने, म्हणजे हिरव्या पट्टीने) गुणायचं. हिरवी पट्टी पूर्ण भरलेली असेल तर १.२५, रिकामी असेल तर ०.७५. त्यातून समोरच्याची चुकवण्याची ताकद वजा.

आता तुमचे आकडे घाला. मेज क्लासमध्ये लाँग ब्लेड (लांब तलवारीचं स्किल) ना मेजर (मुख्य) ना मायनर (दुय्यम), म्हणजे स्किल ५. ब्रेटनची ॲजिलिटी ३० म्हणून ६, लक ४० म्हणून ४. बेरीज १५. पट्टी भरलेली असताना जेमतेम १९ टक्के, आणि तुम्ही गावापासून पळत आला असाल तर ११. त्यातून खेकड्याचं वजा करायचंय! पळताना हिरवी पट्टी उतरते, हे नव्या खेळाडूंच्या लक्षातच येत नाही.

उपाय: तलवार विकून टाका. सुरुवातीच्या कचेरीत टेबलावर सुरा असतो, तो वापरा. शॉर्ट ब्लेड (सुऱ्याचं स्किल) मेजच्या मायनर स्किलमध्ये आहे, म्हणजे १५; तेवढ्यानेच शक्यता ३१ वर जाते. लढाईआधी चार पावलं चाला, पळू नका. मंत्रालाही हीच पट्टी लागू आहे, आणि मॅजिका (जादूची शक्ती) आपोआप भरत नाही; झोपावं लागतं किंवा औषध प्यावं लागतं. मग सिल्ट स्ट्रायडरने (प्रवासी नेणाऱ्या महाकाय किड्याने) बालमोरा शहरात जा आणि तिथल्या कायस कोसाडेसला सुरुवातीला मिळालेलं पाकीट द्या. तो २०० नाणी देतो, ती चिलखतावर न उधळता प्रशिक्षणावर घाला. खालच्या स्किलचं प्रशिक्षण फार स्वस्त असतं.

आणि ४ बद्दल: मॉरोविंड आधी. स्कायरिमचा वाट दाखवणारा बाण बघून चालायची सवय लागली की परत इकडे येणं जड जातं.

रात्रपाळी

२ चं आधी सांगतो. स्कायरिमचं फिजिक्स (वस्तूंच्या हालचालीचं गणित) फ्रेम रेटला, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याला, बांधलेलं आहे. ६० च्या वर गेलं की गणित बिघडतं, आणि सुरुवातीची गाडी खरोखर फिजिक्सवर चालते म्हणून पहिला फटका तिलाच. तुमचा स्क्रीन १४४ चा, म्हणजे कारण समोरच आहे.

एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडा, मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज, तिथे प्रोग्रॅम सेटिंग्ज. यादीत स्कायरिमचा लाँचर आणि मूळ गेमची एक्झी (.exe फाइल) असे दोन दिसू शकतात. लाँचरला मर्यादा लावून काही होत नाही, गेमच्या एक्झीला लावा. मॅक्स फ्रेम रेट ६०. त्याच पानावर ग्राफिक्स प्रोसेसर म्हणून एनव्हिडियाच निवडलाय ना, हेही बघून घ्या. मग न्यू गेम करा. गाडीतला जुना सेव्ह उघडू नका, उलटलेली गाडी उलटीच राहते.

६० च्या वर खेळायचंच असेल तर एसएसई डिस्प्ले ट्वीक्स मॉड आहे. त्याला एसकेएसई ६४ आणि ॲड्रेस लायब्ररी ही दोन जोड-सॉफ्टवेअर लागतात. स्टीमने गेम अपडेट केला की एसकेएसई बंद पडतं, म्हणून स्टीममध्ये "लाँच करतानाच अपडेट करा" हा पर्याय ठेवा आणि गेम नेहमी स्टीमऐवजी एसकेएसईच्या लोडरमधून सुरू करा, म्हणजे अपडेट होणार नाही.

जुनी_वहींशी असहमत. आधी फासे आणि हिरवी पट्टी शिकवली तर माणूस दुसऱ्या दिवशी गेम काढून टाकतो. स्कायरिममध्ये १८ स्किल, जे वापराल ते वाढतं, क्लास निवडायची भानगड नाही. तोटा एवढाच की वीस तासांनी सगळे लपून बाण मारणारे होतात. टाळायचं असेल तर पहिल्यापासून धनुष्याला हातच लावू नका.

डिफिकल्टी ॲडेप्टवर (मधल्या पातळीवर) ठेवा. लेजेंडरीला (सर्वात अवघड पातळीला) शत्रू हुशार होत नाहीत. तुमचा वार पाव होतो आणि त्यांचा तिप्पट. नुसतं लाकूड तोडल्यासारखं वाटतं.

जुनी_वही

हाच तर मुद्दा आहे, स्कायरिम चुकूच देत नाही. मॉरोविंडमध्ये कथेतल्या महत्त्वाच्या माणसालाही मारता येतं. गेम सांगतो की भविष्यवाणीचा धागा तुटला, जुना सेव्ह उघडा किंवा अशाच जगात राहा. स्कायरिममध्ये तोच माणूस गुडघ्यावर बसतो आणि दोन मिनिटांनी कपडे झटकून उठतो.

रात्रपाळी

आणि मॉरोविंडमध्ये तो माणूस कुठे राहतो हे शोधायला एक संध्याकाळ जाते, तेही लिहा.

वाटसरू_८२

दोघांचंही बरोबर आहे आणि धागाकर्त्याचा ३ नंबर तसाच राहिला.

रीमास्टर्ड तुमच्या लॅपटॉपवर विसरा. किमान १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०७० टीआय आणि १२५ जीबी जागा मागतो. तुमच्याकडे तिन्ही नाहीत. आत जुनंच इंजिन आहे, वर अनरियल ५ या नव्या इंजिनचा साज, त्यामुळे भार दोन्हींचा. जुना ऑब्लिव्हियन तुमच्याकडे पळेल.

पण जुन्यातली लेव्हलची व्यवस्था समजून घ्या, नाहीतर पस्तावाल. मेजर स्किल मिळून १० वेळा वाढल्या की झोपल्यावर लेव्हल मिळते. तेव्हा तीन गुण (बळ, चपळाई वगैरे) वाढवता येतात, प्रत्येकी +१ ते +५. +५ हवे असतील तर त्या गुणाखालच्या स्किल त्या लेव्हलमध्ये १० वेळा वाढलेल्या हव्यात. लोक ॲथलेटिक्स आणि ॲक्रोबॅटिक्स मेजर ठेवतात. नुसतं पळून, उड्या मारून लेव्हल चढत जाते, हातात बळ येत नाही आणि शत्रू मात्र लेव्हलबरोबर वाढतात. विसाव्या लेव्हलच्या पुढे रस्त्यावरचा लुटारू अंगात काचेचं चिलखत घालून तुमच्याकडे १०० नाणी मागतो. ते चिलखत विकलं तर त्याला जन्मभर वाटमारी करावी लागणार नाही!

यावर उपाय: ॲथलेटिक्स-ॲक्रोबॅटिक्स मेजरमध्ये नको. एंड्युरन्स (सहनशक्ती) आधी वाढवा (त्याखालच्या स्किल: ब्लॉक, आर्मरर, हेवी आर्मर), कारण दर लेव्हलला एंड्युरन्सच्या दहाव्या भागाइतकं आरोग्य मिळतं आणि मागच्या लेव्हलांची भरपाई नंतर होत नाही. क्वाच शहराची मोहीम लवकर उरका. कमी लेव्हलला तिथल्या राक्षसी दरवाज्याआड बहुतेक स्कॅम्प (किरकोळ राक्षस) भेटतात, उशिरा गेलात तर डेड्रॉथ (दांडगे राक्षस). एवढा हिशेब नको असेल तर सरळ झोपू नका. न झोपल्यास लेव्हल वाढत नाही, फक्त क्वेस्टची बक्षिसंही बारकी मिळतात.

रीमास्टर्डमध्ये ही कटकट काढलीय: दर लेव्हलला १२ पॉइंट, तीन गुणांत वाटायचे, एका गुणात जास्तीत जास्त ५. शत्रू तिथेही तुमच्याबरोबर वाढतातच.

क्वेस्टबद्दल मात्र ऑब्लिव्हियनवाल्यांशी सहमत. निरपराध माणसाचा खून करून झोपा, म्हणजे डार्क ब्रदरहूड या मारेकरी संघाचं बोलावणं येतं. पुढचं सांगत नाही.

क्रम म्हणाल तर: विचर ३ मधून आलात, तिथे कथा पुढे ढकलत नेते. इथे ढकलणारं कुणी नाही. म्हणून स्कायरिमपासून सुरुवात करा, कंटाळा यायला लागला की मॉरोविंड. ऑब्लिव्हियन शेवटी, तोवर कदाचित रॅमही वाढवलेली असेल.

चिक्कीवाला

धन्यवाद! ६० ची मर्यादा लावली, गाडी सरळ हेल्गन गावाला पोचली. मॉरोविंडमध्ये सुऱ्याने खेकडा पडला. आता एकच: बालमोरात हास्फाट नावाच्या माणसाने आर्कंगथँडच्या अवशेषांतून ड्वेमरांचा (लुप्त झालेल्या वंशाचा) डबा आणायला सांगितलाय. नकाशावर खूण नाही. दार सापडलं, पण उघडत नाही.

जुनी_वही

दाराला हात लावू नका, कुलूप नाहीच ते. शेजारी पाइपवर एक चक्र आहे, ते फिरवा, दगड बाजूला होतो. डबा मुठीएवढा आहे आणि शेल्फवर भांड्यांच्या गर्दीत ठेवलेला असतो. लोक त्याच्या समोरून दोनदा जातात. खाली खोल जाऊ नका, वरच्या भागातल्या खोल्या आधी नीट बघा.

आणि सेडा नीनहून पायी निघालात तर आकाशातून एक माणूस पडेल. त्याच्याकडे मंत्राच्या तीन गुंडाळ्या मिळतील. एक वाचली की उडीचं स्किल १००० ने वाढतं, फक्त ७ सेकंद. एक वाचून उडी मारा, खाली येताना जमीन जवळ दिसली की दुसरी वाचा. नाही वाचलीत तर काय होतं, ते त्या माणसाचं झालेलं पाहिलंच असेल.