अवयव हप्त्यावर: 'रेपो मेन', 'द आयलंड' की 'कोमा'?

खातेदार
(स्पॉयलर आहेत.) कंपनीच्या ताब्यातल्या अवयवांवरचे चित्रपट पाहिले, तर 'रेपो मेन' (2010) सगळ्यात पटतो, तो विज्ञानामुळे नव्हे तर कर्जामुळे. 'द युनियन' कृत्रिम अवयव हप्त्यावर विकते. विक्रेता घरच्यांची जबाबदारी आठवून देतो आणि सही घेतो. हप्ते थकले की माणूस येऊन अवयव काढून नेतो. यंत्रच असल्यामुळे जप्तीला अर्थ आहे: निर्जंतुक करा, पुढच्याला बसवा. 'रेपो! द जेनेटिक ऑपेरा'मध्ये (2008) जप्ती होते ती हाडामांसाच्या अवयवांची. गल्लीत फाडून काढलेलं यकृत कोण बसवून घेणार? तिथे जप्ती म्हणजे निव्वळ दहशत. गाणी छान, हिशेब कच्चा.

शीतपेटी
असहमत. 'पुढच्याला बसवा' इतकं सोपं नाही. शरीरातल्या उपकरणाभोवती तंतुमय आवरण तयार होतं आणि रक्ताच्या संपर्कातल्या पृष्ठभागावर गुठळ्या धरतात. दिवाणखान्यात चाकूने काढलेल्या वस्तूवर जिवाणूंचा थर बसला, तर तो नुसत्या धुण्याने जात नाही. शिवाय रक्तवाहिन्यांचे जोड कापलेले असतात ते वेगळंच.

विज्ञानात 'द आयलंड' (2005) सरस. त्यातल्या मेरिक नावाच्या मालकाची कंपनी ग्राहकाचाच क्लोन वाढवते, म्हणजे ऊतकजुळणीचा (शरीर परका अवयव नाकारेल का, हा) प्रश्नच मिटला. एरवी शरीराने अवयव नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधं जन्मभर घ्यावी लागतात, त्यांनी मूत्रपिंडं बिघडतात, संसर्ग वाढतात. क्लोनला जाणीव नसेल तर अवयव टिकत नाहीत, म्हणून त्यांना जागं ठेवलंय, ही पळवाट मात्र कथेच्या सोयीची.

खातेदार
क्लोनमध्ये ग्राहकाचा आनुवंशिक दोषही येतो की! हृदयाच्या स्नायूंचा आजार जनुकांतून आलेला असेल, तर नवं हृदयही तोच दोष घेऊन येणार. यावर कंपनी काय विकणार?

आठ नंबर
दोघेही 'कोमा' (1978) विसरलात. त्यात रुग्णालयातच रुग्णांचा मेंदू मारून त्यांचे अवयव विकतात. आठ नंबरच्या शस्त्रक्रियागृहात भुलीच्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड सोडतात. मेंदू मरतो, पण रक्त लालभडक दिसतं, त्यामुळे टेबलाशी उभ्या सर्जनला संशय येत नाही. हे आजही फसवू शकतं: साधा पल्स ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनयुक्तच समजतो, म्हणून आकडा उत्तम दिसत राहतो. पकडायला को-ऑक्सिमेट्री, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी, लागते. भविष्यकाळ नको, रोबोट नको, फक्त एक जास्तीची नळी!

शीतपेटी
नळी मान्य, पण त्या अवयवांचा धंदा 1978 मध्ये चालला नसता. अवयव नाकारणं रोखणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली 1983 मध्ये. त्याआधी परक्याचं हृदय शरीर नाकारण्याचं प्रमाण फार मोठं होतं. श्रीमंत ग्राहक वर्षभरात दगावू लागले, तर फोनवरच्या लिलावात बोली कोण लावणार?

आठ नंबर
मूत्रपिंडांची बोली लागली असती. आणि चित्रपटात मेंदू मेलेले देह तारांना टांगून जिवंत ठेवतात, त्यामागचा हिशेब अगदी पक्का आहे. 4 अंशांवर हृदय 4 ते 6 तास टिकतं, मूत्रपिंड 24 ते 36 तास. बाहेर काढून साठवता येत नाही, म्हणून गिऱ्हाईक मिळेपर्यंत शरीरातच ठेवायचं. साठा मोठा असला की जुळणारा दाता सापडण्याची शक्यताही वाढते. अमेरिकेत अवयवविक्रीवर देशपातळीवर बंदी आली ती 1984 मध्ये, म्हणजे चित्रपटानंतर 6 वर्षांनी. (तोवर देशपातळीवरच्या कायद्यात विक्रीला वाटच मोकळी होती, हे भयंकर आहे.)

खातेदार
कायदा काढलातच, तर माझा मुद्दा तिथेच आहे. अमेरिकेत तारण वस्तू न्यायालयात न जाता जप्त करता येते, पण शांतताभंग न करता. अंगणातली गाडी ओढून नेणं चालतं, दार फोडणं नाही. 'रेपो मेन'ने एवढंच कलम उडवलंय. बाकी करार, थकबाकी, जप्ती सगळं जसंच्या तसं. तुमच्या दोन्ही चित्रपटांत कंपनीला लपावं लागतं, इथे ती ग्राहकाची सही दाखवते.

शीतपेटी
सही दाखवा, पण बेशुद्ध माणसाचा पोटातला पंप काढताना रक्तस्राव कोण थांबवणार, हे आधी सांगा. तेवढं बसवा, मग पहिला नंबर तुमचा.