बोकडाच्या पायांचा माणूस गुडघ्यावर कसा बसवायचा?

बाळ्याच्या चित्रकला बाई
सोलापुरात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांचा वर्ग घेते. पंधरा दिवस एकच चित्र डोक्यात आहे. इटालियन चित्रकार पिएरो दी कोझिमोचं, साधारण १४९५ चं, लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं. गवतावर मुलगी मरून पडलीय, गळ्याला जखम. उशाशी अर्धा माणूस अर्धा बोकड असा ग्रीक पुराणातला सॅटर गुडघ्यावर वाकलाय, एक हात तिच्या खांद्यावर. पायाशी तपकिरी कुत्रा.

माझं माहेर मोहोळ तालुक्यातलं, घरी उस्मानाबादी शेळ्या होत्या. शेळी बसताना आधी पुढचे गुडघे टेकते, मग मागचं अंग सोडते. मागच्या पायाला जो उलटा गुडघा दिसतो तो घोटा. खरा गुडघा वर, पोटाला लागून. मग माणसाच्या कमरेला हे पाय जोडून त्याला बसवायचं कसं? तीनदा काढलं. तिन्ही वेळा माणसाने केसाळ विजार घातल्यासारखं दिसलं. पिएरोचा मात्र जन्मतःच तसा वाटतो.

आणि सॅटर म्हणजे दारू पिऊन निंफांमागे, म्हणजे रानावनातल्या देवकन्यांमागे, धावणारे, असंच वाचलं होतं. हा इतका हळुवार का?

कॅनव्हासवाला
मांडी माणसाचीच ठेवा, फक्त आखूड. घोट्याखालची नळी लांब करा. फ्रेंच चित्रकार बुगरोचं १८७३ चं ‘निंफ आणि सॅटर’ बघा. निंफा त्याला पाण्यात ओढतायत आणि तो मागे रेटतोय. अंगाचा भार खुरांवर कसा येतो ते तिथे कळेल.

जुनी पानं
बोकडाचे पाय मुळात सॅटरचे नव्हेतच. जुन्या ग्रीक भांड्यांवर त्यांना घोड्याची शेपटी असते. बोकडाचे पाय पॅनचे. पॅन हा आर्केडियातल्या मेंढपाळांचा देव, आपल्याकडे धनगरांचा बिरोबा तसा. पुढे सरमिसळ झाली.

हळुवारपणाचं म्हणाल तर हे चित्र पूर्वी ग्रीक पुराणातल्या प्रोक्रिसच्या मृत्यूचं मानायचे. रोमन कवी ओविडच्या कथेत तिचा नवरा झुडपात जनावर आहे समजून भाला फेकतो आणि ती मरते. पण त्या कथेत सॅटर नाहीच. म्हणून गॅलरी आता एवढंच म्हणते: निंफेसाठी शोक करणारा सॅटर.

बाळ्याच्या चित्रकला बाई
म्हणजे तो तिचा कोणीच नाही, तरी बसलाय. हे वाचून जास्तच गलबललं.

मांडी आखूड केली आणि विजार गेली! खूर अजून जमिनीला लागत नाहीत. रविवारी मुलांना ओळखीच्यांच्या शेळ्यांकडे नेते. दिवसभर फक्त मागचे पाय काढायचे.