संयम नेमका कोणासमोर?
पुराणमतवादी न्यायाधीश म्हणजे वादग्रस्त राजकीय प्रश्न कायदेमंडळावर सोपवून स्वतः बाजूला राहणारा, ही व्याख्या अमेरिकेपुरती मला अर्धीच पटते. तेथील सर्वोच्च न्यायालयाचे पुराणमतवादी सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनीच लिहिलेले, 5 विरुद्ध 4 मतांचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. 2019 च्या रूचो खटल्यातील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या मतदारसंघांच्या नकाशाबद्दल तो आखणाऱ्या समितीच्या रिपब्लिकन प्रमुखाने उघड सांगितले होते की, 13 पैकी 11 जागा आपल्या पक्षासाठी साधणे शक्य वाटत नाही म्हणून 10 जागांची आखणी सुचवतो. तरीही अशी पक्षीय आखणी मोजायला न्यायालयाकडे माप नाही, असे म्हणून बहुमताने अंग काढून घेतले.

याउलट 2013 च्या शेल्बी काउंटी खटल्यात, सिनेटने (संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने) 2006 मध्ये 98 विरुद्ध 0 मतांनी 25 वर्षांसाठी वाढवलेल्या मतदान हक्क कायद्यातील, कोणत्या राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची पूर्वपरवानगी लागेल हे ठरवणारे सूत्रच रद्द झाले, आणि तेही मतदानातील वांशिक भेदभावाला बंदी करणाऱ्या पंधराव्या घटनादुरुस्तीने अंमलबजावणीचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, स्पष्ट शब्दांत दिलेला असताना. आधार घेतला तो राज्यांच्या ‘समान सार्वभौमत्वा’चा, गंमत अशी की, एरवी संविधानाच्या शब्दाशब्दाला चिकटणाऱ्या या पुराणमतवादी न्यायाधीशांना हे शब्द त्याच्या संहितेत कोठेही दाखवता येणार नाहीत.